पुस्तकांचे मागचे अर्धे भाग

३ ऑक्टोबर

सुरुवात कशी करतात ते मला नीट ठाऊक नाही. लहानपणी मी पुस्तकांचे मागचे अर्धे भागच वाचले आणि ती खोड अजून गेलेली नाही. ही डायरी मला प्लास्टर पुरवणाऱ्या दुकानदाराने नवीन वर्षाला दिली होती. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात एक दाढ हसते आहे. कामाच्या टेबलाच्या खणात ती कोरीच पडून होती. आज सामान भरताना हाताला लागली, म्हटलं चल, तूही चल.

तर आजपासून मुक्काम ताईकडे. माझ्या कारखान्याला कुलूप. कारखाना म्हणजे एक खोली, एक शेगडी, एक घासायची मोटर आणि मी. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, मी कवळ्या करून देते. अर्धं शहर तुझ्या दातांनी जेवतं आणि उरलेलं अर्धं माझ्या आवाजाने बस पकडतं, असं ताई म्हणायची. ती बसस्थानकावर माईकवरून गाड्या सांगायची. निवृत्त होऊन वर्षं झाली, तरी भाजी घेताना तिने तोंड उघडलं की अजून लोक वळून बघतात.

तिच्या घशातली गाठ परत आली आहे. गेल्या वर्षी किरणांचा शेक दिला तेव्हा ती गेली असं आम्ही धरून चाललो होतो. आता डॉक्टरबाई म्हणतात, स्वरयंत्रच काढावं लागेल. गाठ जाईल, माणूस राहील, आवाज जाईल. फार दिवस थांबू नका, थांबलात तर मग माझ्या हातात काही राहणार नाही, असंही त्या स्वच्छ म्हणाल्या. त्यावर ताईचं उत्तर, "विचार करून कळवते." जणू कुणी स्थळ सुचवलं होतं.

भाच्याचा परदेशातून फोन आला. "मावशी, तू जाऊन राहा. आई तुझंच ऐकेल." ताईने माझं कधी ऐकलं ते त्यालाच विचारायला हवं.

५ ऑक्टोबर

दोन दिवसांत मी विषय काढला की ताईला काहीतरी सुचतं. पडदे धुवायचे आहेत. गॅसवाला येणार आहे. चष्म्याचा नंबर बदलायला हवा, त्याशिवाय दवाखान्यातले कागद कसे वाचणार? हट्टी तर ती पहिल्यापासूनच. घाबरणं हा शब्दच तिच्या कोशात नाही, त्यामुळे घाबरवून काही उपयोग नाही.

बाकी तिची तऱ्हा तीच. झोपताना दिवा चालूच ठेवते, म्हणे डोळ्यांना बरं असतं. माळ्यावरून काही काढायचं असलं की मला हाक मारते. "शेपटे, चल जरा, शिडी धर." शिडी धरून झाली की मी वर चढायचं आणि तिने खाली उभं राहून सूचना द्यायच्या. मोठ्या बहिणीला हे शोभतं.

शेपटी हे माझं नाव तिनेच ठेवलं, पुस्तकांच्या शेपटाकडचा भाग माझ्या वाट्याला यायचा म्हणून.

६ ऑक्टोबर

आज दुपारी तिला झोप लागली आणि मला उगाच ते दिवस आठवत बसायला वेळ मिळाला.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक वाचनालय होतं. भाड्याने पुस्तकं द्यायचं, एका वेळी एकच, आणि दुसऱ्या दिवशी परत. लायब्ररीवाल्याच्या तीन फळ्या मोठ्यांच्या आणि सगळ्यात खालची फळी आमची: भुतं, रहस्यं, थडग्यातून उठून चालायला लागलेली प्रेतं. आता त्यांना झॉम्बी म्हणतात. तेव्हा नुसतं 'उठलेले' म्हणायचे. कागद पिवळा, शाई बोटांना लागायची, मुखपृष्ठावर लाल अक्षरं गळत असायची. शाळेतल्या पुस्तकांना कधी आला नाही असा एक उबट, ओलसर वास त्यांना होता आणि तो आला की मी अजून वळून मागे बघते.

पुस्तक एक, वाचणाऱ्या दोघी, मुदत एका दिवसाची. भांडणं इतकी व्हायची की एकदा ओढाओढीत पुस्तकाचे दोन तुकडे झाले. आम्ही दोघी पांढऱ्याफटक पडलो. मग ताई म्हणाली, "बरं झालं, आता दोघींना एकदम वाचता येईल." तेव्हापासून तीच पद्धत पडली. घरी आलं की पुस्तक मध्यावर उघडायचं, पाठीचा कागद ब्लेडने सरळ कापायचा, शिवण सोडवायची. मोठी म्हणून पुढचा अर्धा ताईला, मागचा मला. संध्याकाळी गच्चीच्या पायऱ्यांवर बसून एकमेकींना आपापला भाग सांगायचा आणि मग पिठाची खळ करून पुस्तक चिकटवायचं. चिकटवण्यात माझा हात बसला. पुढे कवळ्यांच्या धंद्यात मला तो फार कामी आला.

सांगण्याचा नियमही ताईचाच. आधी मी माझा भाग सांगायचा, मग ती तिचा. म्हणजे शेवट आधी आणि सुरुवात नंतर. हे उलटं आहे एवढं मला त्या वयातही कळायचं, पण ती म्हणायची, "मोठ्यांनी नंतर बोलायचं असतं." आणि तिने सुरुवात सांगायला घेतली की नियमाबियमाची आठवणच राहायची नाही. काय सांगायची! मी जे वाचलेलं असायचं ते फिकं पडायचं. माझ्या भागात नुसती पळापळ आणि आरडाओरडा. तिच्या भागात माणसं असायची.

८ ऑक्टोबर

जुन्या पुस्तकांच्या हातगाडीवर आज घबाड मिळालं. 'बंद गिरणीचा भोंगा'! तेच मुखपृष्ठ, तोच उठलेला कामगार, खालच्या जबड्यात सुळ्यांची रांगच रांग. माणसाला खाली दोनच सुळे असतात आणि मेल्यावर नवीन उगवत नाहीत, हे त्या चित्रकाराला कुणीतरी सांगायला हवं होतं.

हे आमचं सगळ्यात आवडतं. बंद पडलेल्या गिरणीचा भोंगा एका पहाटे आपोआप वाजतो आणि मेलेले कामगार पाळीवर हजर होतात. ताईच्या भागात एक लंगडा घड्याळजी होता. गिरणीचं मोठं घड्याळ तो दुरुस्त करायचा, स्वतःच्या घरातलं मात्र बंद. त्याच्या बायकोने त्याला सोडलं तेव्हापासून. भोंगा वाजल्यावर सगळं गाव पळतं आणि हा एकटा जिना चढून घड्याळ थांबवायला जातो, म्हणून गाव वाचतं आणि हा मरतो. माझा अर्धा सुरू होण्याआधीच मरतो, त्यामुळे मी त्याला कधी भेटलेच नाही. पण त्याच्यासाठी मी रडले आहे, आणि एकदाच नाही. माझं लग्न जमता जमता राहिलं त्याला हा घड्याळजीही थोडा जबाबदार आहे. पाहायला आलेला कुठलाच मनुष्य त्याच्या पासंगाला पुरला नाही.

पुस्तक ताईसमोर धरलं तर तिने तोंडावर हात ठेवला. मग म्हणाली, "ब्लेड कुठाय?"

९ ऑक्टोबर

पुस्तक फाडलं. तिला पुढचा, मला मागचा. दोघी दोन खुर्च्यांत. दुपारभर घरात पानांचा आवाज. ताईच्या हातातली पानं जरा भराभर उलटत होती, पण तिला सगळं पाठच असणार. मला तर माझा भाग वाचताना इतकं हसू येत होतं की डोळ्यांना पाणी आलं. लहानपणी ज्या पानावर मी चादरीत शिरले होते त्या पानावर प्रेत एका माणसाचा हात खाता खाता त्याला टोमणे मारतं.

संध्याकाळी मी आधी सांगितलं. मग तिने. आवाज आता फाटलाय तिचा, वाळूवरून खुर्ची ओढल्यासारखा, मध्ये थांबून पाणी प्यावं लागतं. तरी घड्याळजी जिना चढायला लागला तेव्हा मी पदराने डोळे पुसलेच. मी मनात म्हटलं, हा आवाज कापून टाकायचा? आणि लगेच स्वतःचाच राग आला, कारण नाही कापला तर काय होणार तेही मला ठाऊक आहे.

फोनवर तिचं बोलणं रेकॉर्ड करू का म्हणून विचारलं. "कशाला? मी काय फोटोतली आहे?" म्हणाली. विषय तिथेच संपला.

१० ऑक्टोबर

घाईघाईने लिहिते आहे, अक्षर लागणार नाही.

सकाळी ताई अंघोळीला गेली. टेबलावर तिचा अर्धा पडला होता. जन्मात मी तिचा अर्धा वाचला नव्हता, नियमच होता तसा. पण घड्याळजीला एकदा प्रत्यक्ष भेटावं वाटलं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळलं. मग ती दुपारी झोपल्यावर नीट वाचलं.

घड्याळजी नाही. कुठेच नाही. पुस्तकात एक मुकादम आहे, एक दारुडा वॉचमन आहे, एक मालकाची मुलगी आहे, ती सारखी बेशुद्ध पडते. घड्याळ नाही. जिना नाही. भोंगा वॉचमनच्या हातून चुकून वाजतो, झालं.

काल तिने मला दोन तास जे सांगितलं त्यातलं एक अक्षर इथे नाही. वाचून चार तास झाले नव्हते आणि तिने भलतंच सांगितलं. गाठ डोक्यापर्यंत तर गेली नसेल?

११ ऑक्टोबर

भाच्याला कळवलं. तो रडायलाच लागला. डॉक्टरबाईंना फोन केला, त्या म्हणाल्या घेऊन या. ताई सरळ सांगून यायची नाही, म्हणून म्हटलं नुसतं वजन करायचंय. वजनाला ती लगेच तयार झाली. अलीकडे कमी झालंय याचा तिला अभिमान आहे.

डॉक्टरबाईंनी तिला वार विचारला, महिना विचारला, शंभरातून सात वजा करायला लावले. ताईने सगळं धडाधड सांगितलं. मग म्हणाली, "आता तुम्ही सांगा, हे काय चाललंय?" बाईंनी माझ्याकडे बघितलं. मला सांगावंच लागलं. वाचलं एक, सांगितलं भलतंच, घड्याळजी पुस्तकात नाहीच.

ताईचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता ही रडणार. पण ती हसायला लागली. हसता हसता खोकला, खोकता खोकता हसू. डॉक्टरबाईंनी पाणी दिलं.

"डोकं ठीक आहे माझं," ती म्हणाली. "मी तो वाचलाच नाही. मी कधीच एकही वाचला नाही."

परतताना टॅक्सीत सगळं सांगितलं. पहिल्या-दुसऱ्या पानावर प्रेत हललं की ती पुस्तक मिटायची. हात थंड पडायचे. पण धाकट्या बहिणीला कसं सांगणार? मग नुसती पानं उलटत बसायची. संध्याकाळी आधी माझ्याकडून शेवट काढून घ्यायचा, त्यात कोण जिवंत आहे, कोण मेलंय ते बघायचं आणि त्याला जुळेल अशी सुरुवात पायऱ्यांवर बसल्या बसल्या रचायची. घड्याळजीला मारावंच लागलं, कारण माझ्या भागात तो नव्हता.

"पण तुला भीती वाटते?" मी विचारलं. टॅक्सीवाल्यानेसुद्धा आरशात बघितलं, इतक्या जोरात विचारलं.

"मला सगळ्याची भीती वाटते, शेपटे. अंधाराची वाटते, माळ्यावरची वाटते. कुत्र्यांची वाटते. तुला इतक्या वर्षांत कळलं नाही?"

नाही कळलं. सगळं लहानपण बरोबर काढूनसुद्धा नाही कळलं. दिवा, शिडी, सगळं माझ्या डोळ्यांदेखत होतं.

१२ ऑक्टोबर

रागावले आहे. घड्याळजी गेला, तो पुन्हा गेला आणि या वेळी त्याचं प्रेतही राहिलं नाही. दिवसभर ताईशी कामापुरतंच बोलले. संध्याकाळी ती दारात येऊन उभी राहिली, म्हणाली, "त्याला लंगडा मी का केला माहितीये? तुझा पाय मोडला होता तेव्हा." प्लास्टरमधला माझा पाय, मी विसरूनच गेले होते. मला पळता येत नाही म्हणून मी रडत होते, आणि तिने न पळणाराच गाव वाचवतो अशी गोष्ट केली.

राग गेला. कुठे गेला कळलंच नाही.

१४ ऑक्टोबर

आज नीट बोललो. म्हणजे भांडलो.

सकाळी मी म्हटलं, "भीतीच वाटते ना? मग भीती वाटते म्हण. पडदे धुवायचे म्हणू नकोस." तिने चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, "शेवट कळल्याशिवाय मी आजवर काही सुरू केलेलं नाही. त्या बाईंना विचारलं, शेवट काय होईल? त्या म्हणाल्या, आधी सुरुवात तर करू. असं कसं? तू सांग ना. नेहमी तूच सांगायचीस."

मी म्हटलं, "या वेळी माझ्याकडेसुद्धा मागचा अर्धा नाही."

"बघ."

"बघ काय? मला कधी सुरुवात ठाऊक असायची? मध्येच उडी मारायची. कोण कुणाचा कोण, काही पत्ता नाही, आणि समोर प्रेत. मलापण भीती वाटायची. म्हणून तर संध्याकाळची वाट बघायचे. तू सुरुवात सांगितलीस की मग झोप यायची."

"पण ती खोटी होती."

"झोप खरी होती."

ती खिडकीशी गेली. बाहेर बघत म्हणाली, "आवाज गेल्यावर तुला सुरुवात कोण सांगणार?" मला वाटलं होतं ती स्वतःच्या जिवाला भीत असेल. हे मला अपेक्षित नव्हतं. मी इतकी चिडले की भांडं आपटलं. "आणि आवाज घेऊन मेलीस तर कोण सांगणार? घड्याळजी?"

असं कुणी आजारी माणसाला बोलतं का? मी बोलले. दोघी रडलो, त्यातच चहा उतू गेला. शेगडी पुसताना ती म्हणाली, "गळ्याला भोक पडलेली बाई बघून पोरं पळतील. मीच झॉम्बी होणार बघ." मी म्हटलं, झॉम्बीचे दात मी करून देईन, फुकट. मग तिने हात पुढे केला. "फोन दे इकडे."

डॉक्टरबाईंशी तीच बोलली. तारीख मिळाली.

२० ऑक्टोबर

मध्ये काही लिहिलं नाही. रक्त, फोटो, या खोलीतून त्या खोलीत. ताई मुकाट सगळीकडे आली, फक्त प्रत्येक दारात माझा पदर धरायची. आता दिसतंय मला. आधीही धरत असणार.

भाचा परवा पोहोचतो आहे. त्याने विचारलं, आईचा आवाज साठवून ठेवलास का? नाही ठेवला. ती नको म्हणाली. संध्याकाळी मी तिच्यासमोर बसून नुसतं ऐकते. ती गॅसवाल्याला शिव्या देते, मी ऐकते. बसस्थानकावरच्या गमती सांगते. एकदा चुकून तिने एकाच फलाटावर दोन गाड्या सांगितल्या होत्या आणि दोन वऱ्हाडं एकमेकांच्या बसमध्ये बसली होती. घसा दुखेल म्हणून मी तिला गप्प बसवत होते इतके दिवस. आता नाही बसवत.

२२ ऑक्टोबर

वॉर्डातून लिहिते आहे. ताई आत गेली आहे, भाचा रात्री पोहोचेल.

काल दाखल झालो. सहा खाटांची खोली, हिरवे पडदे, खिडकीबाहेर पाण्याची टाकी. समोरच्या खाटेवर एक शिंपीण, गळ्याला मोठी गाठ. बाजूला एक शाळेतली बाई, कानाचं काहीतरी. कोपऱ्यात एक आजीबाई, त्या कशासाठी आहेत हे त्यांनाही नक्की सांगता येत नाही. सगळ्या आपापल्या भिंतीकडे तोंड करून पडलेल्या.

आज सकाळी ताईला लवकर तयार केलं. हिरवा गाऊन, डोक्याला टोपी. ट्रॉली यायला उशीर होता. तिचे हात बर्फासारखे. मी चोळत होते. आणि एकदम ती शिंपिणीला म्हणाली, "तुम्हाला झॉम्बीची गोष्ट माहितीये का?"

"तो काय प्रकार?"

"मेलेली माणसं उठून चालायला लागतात."

"अगंबाई, इथे कशाला असलं!" म्हणत शिंपीण उठून बसली. आजीबाई म्हणाल्या, मोठ्याने सांगा.

ताईने सांगायला घेतलं. माझ्या हातातले तिचे हात हळूहळू उबेला आले, ते मला कळत होतं. एका गावात एके सकाळी मेलेली माणसं परत येतात. पण खायला नाही, कुणाला चावायला नाही. अर्धं राहिलेलं काम पुरं करायला. न्हावी येतो, त्याचं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने कित्येक वर्षं फिरत असतं, त्याची उरलेली अर्धी करतो आणि निघून जातो. एक बाई गॅस बंद केला की नाही ते बघायला येते. एक सासरा सुनेला चहा बरा झाला होता एवढं सांगायला येतो. शिंपीण हसत होती, शाळेतली बाई बरा कान आमच्याकडे करून ऐकत होती. सिस्टर सलाईन हातात घेऊन तशीच उभी. आवाज फाटलेला, तुटलेला, पण खोलीच्या कानाकोपऱ्यात पोहोचत होता. माईक लागला नाही.

"सगळे आपापलं काम करून परत जातात," ताई म्हणाली. "एकच बाई उरते. बसस्थानकावर बाकावर बसलेली. तिला आठवतच नाही आपण कशासाठी आलोय ते. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारते, माझं काय राहिलंय हो? दिवस कलायला लागतो. शेवटची बस लागते. आणि..."

ट्रॉली आली. दोघांनी तिला उचलून ठेवलंसुद्धा.

"अहो, पुढे काय?" शिंपीण ओरडली.

ताई ट्रॉलीवरून वळून माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली, "शेवट तिला विचारा. शेवट नेहमी तिच्याकडेच असतो."

दार झुललं, बंद झालं. माझ्या कानात ते वाक्य तेवढं आहे. यानंतर तिचं दुसरं वाक्य मला ऐकायला मिळणार नाही.

वॉर्डात सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. सिस्टरसुद्धा. मला शेवट ठाऊक नव्हता. मी दुसऱ्याने लिहिलेले शेवट सांगणारी, रचणारी ताई. मी रुमाल शोधत होते आणि आजीबाई म्हणत होत्या, "सांगा की हो, बाईचं काय राहिलं होतं?"

मी खाटेच्या कडेला बसले. म्हटलं, तिचं काहीच राहिलं नव्हतं. कारण ती मेलेलीच नव्हती. सकाळी मेलेल्यांच्या गर्दीत चुकून सापडली, सगळे म्हणाले ही पण त्यांच्यातलीच, तिलाही तसंच वाटायला लागलं. प्रत्यक्षात ती कुणाची तरी वाट बघत बसली होती. न्यायला येणाऱ्या माणसाला उशीर झाला होता, इतकंच. शेवटची बस लागली आणि त्यातून तिची धाकटी बहीण उतरली, धापा टाकत, म्हणाली, चल घरी.

शिंपीण म्हणाली, "हे बरं केलंत." आणि पडदा ओढून घेतला.

२४ ऑक्टोबर

डॉक्टरबाई म्हणतात, सगळी गाठ निघाली. भाचा आला आहे, काचेपाशी उभा राहून रडतो आहे. आवाज परत येणार नाही, पण पुढे-मागे गळ्यात एक छोटी झडप बसवून थोडं बोलायला शिकवतात म्हणे. बघू.

२५ ऑक्टोबर

आज मला आत सोडलं. गळ्याला नळी, चेहरा सुजलेला, डोळे मात्र तिचेच. मी नुसती चादर सारखी केली. तिने हाताने खूण केली. भाच्याने मुलांची पुसायची पाटी आणून ठेवली आहे, ती दिली.

वाकड्या अक्षरांत तिने लिहिलं, "बाई कशाला आली होती?"

मी सांगितलं. ती मेली नव्हती. बहिणीला यायला उशीर झाला होता. शेवटची बस, धापा, चल घरी, सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज मलाच ओळखू येईना.

ताईने डोळे मिटले. नळीतून श्वास येत-जात होता, तेवढाच आवाज. मग तिने पाटी ओढली आणि लिहिलं, "ही शुद्ध फसवणूक आहे. झॉम्बीच्या गोष्टीत असं चालत नाही."

मी म्हटलं, "स्वतः एक तरी वाचली आहेस का?"

तिचे खांदे हलले. आवाज न होता ती हसत होती, मला आधी कळलंच नाही, मी सिस्टरला हाक मारणार होते. तिने माझं मनगट धरलं, पाटी पुसली, आणि हळू, एकेक अक्षर काढत लिहिलं, "पुन्हा सांग."

मी खुर्ची जवळ ओढली आणि पुन्हा सांगितलं.